शिडीकाका, कुजबुजकाका आणि माझ्या मुलीचा कान

मला कान नाही, हे माझ्या वडिलांनी मी नऊ वर्षांचा असताना जाहीर केलं. सोलापूरच्या घरी सकाळी रेडिओवर शास्त्रीय गायन लागायचं. निवेदिका रागाचं नाव सांगणार, तेवढ्यात वडील आवाजाचं बटण पार खाली पिरगाळायचे, गाणं सुरू झालं की पुन्हा वर करायचे, आणि चहाचा कप बशीत ठेवून विचारायचे, "बोला, कुठला राग?" थोरला भाऊ पोह्यांचा घास तोंडात असतानाच बरोबर सांगायचा. मी रोज 'भूप' म्हणायचो, कारण तेवढं एकच नाव घाईत आठवायचं. "अरे गाढवा, भूप संध्याकाळचा. सकाळी सात वाजता कोण भूप गाईल?" एक दिवस ते आईला म्हणाले, "ह्याला कान नाही." शाळेचा शर्ट ह्याला आखूड होतोय, हे सांगावं तशा आवाजात. पुढे मी इंजिनियर झालो, अमेरिकेत आलो, घर घेतलं. ते वाक्य सामानात बरोबर आलं.

हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे मी जो मूर्खपणा केला त्याचं मूळ इथे आहे. मूर्खपणा मात्र माझाच.

ॲरिझोनात चँडलरला मी तीस वर्षं राहतोय. चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी. अठरा वर्षांपूर्वी बायको आणि मी वेगळे झालो. कुणी कुणाला फसवलं नाही. आमच्यातलं बोलणं संपलं होतं आणि ते आधी तिच्या लक्षात आलं, एवढंच. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. ती आईकडे राहणार आणि एकाआड एक शनिवार-रविवार माझ्याकडे येणार असं ठरलं. म्हणजे चौदातले बारा दिवस त्या घरात मी एकटा. एकटं राहणं म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं. फ्रिज मधूनच घरघरून गप्प होतो, आणि तो गप्प झाला की आपण दचकतो. कामावरून आलो की मी बूट काढायच्या आधी टीव्ही लावायचो.

त्या ऑक्टोबरात गावच्या लायब्ररीत हॅलोविनसाठी एक टेबल मांडलं होतं. त्यावर जुन्या ब्रिटिश भयपटांच्या डीव्हीडी होत्या. मी दोन घेऊन आलो. चित्रपट म्हणून सांगायचं तर, रक्त पातळ केलेल्या कुंकवासारखं, वटवाघूळ दोरीवर हलतंय हे उघड दिसणारं, आणि प्रत्येक सरदाराच्या वाड्यात तोच एक जिना. मी वरणाला फोडणी देत होतो, टीव्हीकडे पाठ होती, आणि एकाएकी माझ्या हातावर काटा उभा राहिला. वळून पाहिलं तर पडद्यावर एक माणूस नुसता दार उघडत होता. काटा दाराने आलेला नव्हता. मी मागे नेऊन तो तुकडा पुन्हा लावला, मग आवाज बंद करून लावला. आवाज बंद केल्यावर तो एक भाडेकरू दार उघडतोय इतकंच राहिलं.

मग मला नादच लागला. 'संगीत' या शब्दापुढे नाव कुणाचं येतं ते मी बघायला लागलो. तीच चार-पाच नावं फिरून फिरून यायची. लायब्ररीतून पुस्तकं मागवली. ही माणसं काही साधीसुधी नव्हती. मोठ्या ठिकाणी शिकलेली, पूर्ण वाद्यवृंदासाठी गंभीर रचना लिहिणारी. त्या रचना एकदा कुठेतरी वाजायच्या आणि कपाटात जायच्या. घर चालवायला भुताचे चित्रपट. चित्रपट कापून-जोडून झाला की सगळ्यात शेवटी यांना बोलावणं यायचं आणि हातात कागद मिळायचा: ती जिना उतरते, इतके सेकंद; शवपेटीचं झाकण हलतं, इतके सेकंद; किंकाळी, इतके. त्या सेकंदांत बसेल तेवढंच लिहायचं, तेही थोड्याच आठवड्यांत. एवढं करून बघणारा म्हणणार, वटवाघूळ काय भारी होतं! माझी त्यांच्याशी गट्टी का जमली असेल हे मला आता कळतं. मीही सेकंद मोजणाऱ्या कारखान्यात काम करायचो, आणि घरी आल्यावर माझ्या कामाबद्दल विचारणारं कुणी नव्हतं.

मुलगी यायची तेव्हा दुपारभर करायचं काय, हा प्रश्न असायचा. चँडलरच्या उन्हाळ्यात दुपारी बाहेर पाऊल टाकलं तर चपलेचा तळ चिकटतो. ती सोफ्यावर पाय घेऊन बसायची, मी तिला "शाळा काय म्हणते?" विचारायचो, ती "गुड" म्हणायची, आणि आमचं बोलणं तिथे संपायचं. एका शनिवारी मी तिला म्हटलं, चल, एक गेम खेळू. पडदे ओढले. रक्तबिक्त तिला दिसू नये म्हणून टीव्हीवर आंघोळीचा मोठा टॉवेल टाकला. फार समजूतदार बाप आहोत असं मला वाटलं. नियम असा: ढिगातून न बघता तिने एक डीव्हीडी काढायची, मी न बघता मधलाच कुठलातरी भाग लावायचा, आणि फक्त ऐकून संगीत कुणाचं ते सांगायचं. आधी तिने, मग मी. शेवटी टॉवेल उचलून नावं बघायची.

सोलापूरचा रेडिओ मी चँडलरमध्ये लावला होता, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

ती इंग्रजी नावं तिला सांगायला कंटाळवाणी वाटली, म्हणून तिने त्यांचं बारसं केलं. एकाचं संगीत पायरी-पायरीने वर चढायचं आणि शेवटची पायरी यायचीच नाही. तो शिडीकाका. दुसऱ्याची व्हायोलिनं इतकी हळू वाजायची की कान पुढे न्यावा लागे. तो कुजबुजकाका. तिसऱ्याला राहवायचंच नाही; नायिकेच्या मानेचा चावा घ्यायच्या आधी तो अशी गोड धून द्यायचा की अक्षता टाकाव्यात. तो लग्नकाका. चौथ्या बाई होत्या. त्यांच्या संगीतात धरायला सूर सापडायचा नाही, सगळं हिशेबाने आखलेलं. त्या गणितमावशी.

आणि पोरीला यायचं. पहिल्या दोन-तीन वेळा चुकली असेल, पण नंतर जवळजवळ प्रत्येक वेळी बरोबर. मी अजून विचार करतोय तोवर ती म्हणायची, "कुजबुजकाका." टॉवेल उचलला की कुजबुजकाकाच. मला काय झालं ते सांगता येत नाही. आपल्या घरात कान जन्माला आला! मी टाळ्या वाजवायचो, तिला उचलून घ्यायचो, संध्याकाळी पिझ्झा. मी सोलापूरला फोन केला. वडील तेव्हा होते. "नातीला कान आहे," मी म्हटलं. ते म्हणाले, "आईकडून आला असेल."

त्यानंतर मी थांबायला हवं होतं. पण आपल्याकडे मुलाला कान आहे म्हटलं की घरात कुणी गप्प बसत नाही. पाहुणे आले की मूल मध्ये बसवायचं, "सांग काकांना, कुठला राग?" मीही तेच केलं. महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला लोक भेळ खात असताना मी फोनवर तुकडे लावून तिला ओळखायला लावायचो. तिला अकराव्या वर्षी व्हायोलिन आणून दिलं. तिच्या गुणांची वही केली, तारखा टाकल्या. चुकली की म्हणायचो, "चूक. पुन्हा ऐक." सोळाव्या वर्षी तिने व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि पेटी माझ्या गॅरेजमध्ये आणून ठेवली. मी पाच वर्षं तिला ऐकवत राहिलो की देवाने दिलेलं तू फुकट घालवलंस. ती शिकागोला गेली, बेकरीचं काम शिकली, आणि आता पहाटे उठून पाव भाजते. चांगला भाजते म्हणतात. माझ्या डोक्यात एकच: कान असलेली मुलगी पाव भाजते.

तीन वर्षांपूर्वी मी तिला भेटायला शिकागोला गेलो होतो. ती मला बसने डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांत घेऊन गेली, माझ्या आवडीची बाकरवडी घ्यायला. दुकानात एक ओळखीचे मराठी काका भेटले. त्यांनी विचारलं, "मुलगी काय करते?" मी म्हटलं, "करते बेकरीत काम. खरं तर हिला असा कान आहे ना, पण काय करणार, पालथ्या घड्यावर पाणी." तिने बाकरवडीचे पैसे दिले, पिशवी माझ्या हातात दिली आणि बस स्टॉपवर जाऊन उभी राहिली. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. त्यानंतर तीन वर्षं दिवाळीला एक मेसेज, वाढदिवसाला एक मेसेज. तिची आई आता टेक्सासात शुगर लँडला असते, तिकडे ती वर्षातून दोनदा जाते हे मला माहीत होतं. माझ्याकडे ती येत नव्हती.

यंदा लायब्ररीच्या बाईंनी मला विचारलं, तुम्ही इतकी वर्षं या एकाच कपाटातल्या डीव्हीडी नेता, ऑक्टोबरात लोकांपुढे बोलाल का? मी हो म्हटलं आणि त्याच दिवशी मुलीला फोन केला. "येशील का?" ती म्हणाली, "ओके बाबा. शनिवार-रविवारचं काय असेल ते मी कॅन्सल करते. येते." मला तिला परत मिळवायचं होतं, हे अगदी खरं. पण त्याच वेळी मी इतकी वर्षं बरोबर होतो, हेही तिला दाखवायचं होतं. हे दोन्ही एकदम होत नसतं, आणि साठीला आलेल्या माणसाला ते कळायला हवं.

शनिवारी दुपारी तीनला कार्यक्रम होता. अकरा माणसं आली, त्यातला एक काळा डगला घालून. मुलगी मागच्या रांगेत, अंगावर तिची आई घालायची तसाच निळा शर्ट. मी छान बोललो. सेकंदांच्या कागदाबद्दल सांगितलं, कपाटात गेलेल्या रचनांबद्दल सांगितलं, डगलेवाला वहीत लिहून घेत होता. मग मी म्हणालो की माझी मुलगी इथे आहे, लहानपणापासून ती नुसतं ऐकून संगीतकार ओळखते. सगळे मागे वळले. ती नाही-नाही अशी मान हलवत होती. मला तो विनय वाटला. वातावरण तयार व्हावं म्हणून मी दिवे घालवले, पडदे सोडले, आणि तुकडा लावला.

शिडीकाका होता. इतका सोपा की चार पायऱ्यांत कळावा. तुकडा संपला. "सांग ना," मी मराठीत म्हटलं. ती हळूच म्हणाली, "लग्नकाका?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "चूक. पुन्हा ऐक."

दार उघडलं, उजेडाची पट्टी आत आली आणि ती बाहेर गेली. मी काय करावं? मी पुढे बोलत राहिलो. वीस मिनिटं. लाज वाटते सांगायला, पण पानं उरली होती.

बाहेर आलो तेव्हा ती पार्किंगमध्ये एका छोट्या झाडाच्या सावलीत उभी होती. आम्ही गाडीत बसलो, मी एसी लावला, गिअरवर हात ठेवला, आणि ती म्हणाली, "थांब बाबा. गाडी नको काढू." मी हात काढला.

"मला ते कधीच येत नव्हतं," ती म्हणाली. "आय वॉज कॉपीइंग."

"कुणाची कॉपी?"

"तुझी! अजून कोण होतं तिथे?"

मला कळेना. ती सांगत गेली, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत, मध्येच नाक पुसत. टॉवेलमुळे तिला जास्त भीती वाटायची. खाली काय चाललंय ते दिसायचं नाही, म्हणून ती मनानेच काहीतरी भयंकर उभं करायची. संगीत सुरू झालं की ती मनातल्या मनात आईने शिकवलेली प्रार्थना म्हणायची, ऐकू येऊ नये म्हणून. आणि माझ्या चेहऱ्याकडे बघायची.

"शिडीकाका आला की तुझ्या भुवया वर वर जायच्या. गणितमावशी म्हणजे कपाळावर इथे आठी. कुजबुजकाका असला की तू श्वासच घ्यायचा नाहीस. इट वॉज सो ईझी, बाबा. तू ओळखायचास ना, तू पहिल्या सेकंदाला ओळखायचास. कान तुला होता."

"आणि लग्नकाका?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तू भिंतीकडे बघायचास. जिथे आईचा आणि तुझा फोटो असायचा तिथे."

पार्किंगमधून डगलेवाला आम्हाला हात करून गेला. मीही हात केला. काचेबाहेर सगळं पांढरं तळपत होतं.

"मग सांगितलं का नाहीस कधी?" मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण ती जरा मागे सरकली. "पाच वर्षं व्हायोलिन शिकलीस. मी लोकांना सांगत फिरलो. एकदा तरी सांगायचंस."

"मी दहा वर्षांची होते," ती म्हणाली. "मी यायचे तेव्हा तू वीकेंडभर बोलायचा नाहीस. किचनमध्ये उभा असायचास. आई म्हणायची, बाबा ठीक आहे. पण मी बघत होते ना, तू ठीक नव्हतास. आणि मी करेक्ट आन्सर दिलं की तू हसायचास. मोठ्याने. दुसऱ्या कशानेच नाही हसायचास. मग मी काय करणार होते?"

त्या घरात मी एकटा होतो असं मी अठरा वर्षं धरून चाललो होतो. स्वतःची कीव करायला ते बरं पडतं. पण एकाआड एक शनिवारी तिथे आणखी एक माणूस येत होतं, घाबरलेलं, मनात प्रार्थना म्हणणारं, आणि अंधारलेल्या खोलीत बापाला हसवायचं काम करणारं. तिचा तो एकटेपणा मी ऐकला नाही. मी म्हणे कानाचा पारखी! तिला मी गुण दिले, चुका काढल्या, आणि थकून तिने काम सोडलं तेव्हा तिला कृतघ्न ठरवलं. वडिलांनी मला एकाच वाक्यात नापास केलं होतं, ते परवडलं. मी माझ्या मुलीला वर्षानुवर्षं परीक्षेला बसवलं.

"मला माफ कर," मी म्हटलं. मराठीत हे म्हणायची आपल्याला सवय नसते, ते नाटकातल्यासारखं वाटलं. ती म्हणाली, "इट्स ओके," आणि मग म्हणाली, "नाही, ओके नाहीये. पण ठीक आहे." घरी गेल्यावर तिने माझ्या स्वयंपाकघरात पीठ शोधलं, ते जुनं निघालं म्हणून फेकलं, आणि आम्ही बाहेरून जेवण मागवलं. संगीत लावलं नाही. तिने तिच्या बेकरीबद्दल सांगितलं, पीठ रात्रभर गार ठेवलं की चव का येते वगैरे, आणि मी पहिल्यांदा मध्ये न बोलता ऐकलं.

रविवारी दुपारी मी तिला गाडीने विमानतळावर सोडायला निघालो. वीस मैलांत मला एकच चिंता होती. ती उतरेल तेव्हा चेहरा कसा ठेवायचा? आता मला ठाऊक होतं की ती बघते. ती विमानात बसून माझा विचार करत राहू नये, पुढच्या वेळी माझ्यासाठी म्हणून यावं लागू नये, एवढं तरी मला जमवायचं होतं. गाडी रांगेत लावली, बॅग काढून दिली, आणि जमेल तेवढं तोंड भरून हसलो. "मजा आली," मी म्हटलं. "मी मस्त आहे. तू काळजी करू नकोस."

तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, नेहमीइतकंच.

"बाबा," ती म्हणाली, "नको ना. माझ्यासाठी नको करू."

मग मी तिथे, लोकांसमोर, बॅगांच्या मध्ये उभा राहून रडलो, आणि तिने मला रडू दिलं. मागच्या गाडीने हॉर्न दिला, पिवळ्या जाकिटातला माणूस हाताने पुढे व्हा, पुढे व्हा करत आला, तरी ती आत गेली नाही.